पूजेत ठेवलेलं पासबुक

धन्यांनी माझं पासबुक उघडलं आणि मोठ्याने वाचायला घेतलं.

महानवमीची सकाळ. दुकानात आयुधपूजा. आठही मशीनींना झेंडूच्या माळा. पाटावर कात्र्या, टेपा, कोळशाच्या इस्त्र्या. उदबत्त्यांचा धूर असा, की देवीलाही ठसका लागावा. उंबऱ्यावर कोहळा, पोटात कुंकू आणि नाणी भरलेला, फुटायची वाट बघत. आणि मधोमध धनी. डोक्याला जरीचा म्हैसुरी पेटा, उजव्या अंगठ्याला ओलं कुंकू, डाव्या हातात माझं पुस्तक.

"एकशे बेचाळीस रुपये," ते म्हणाले आणि थांबले. कुठे थांबायचं हे त्यांना फार छान कळायचं. नाटक कंपनीत असते तर मी तिकीट काढून गेले असते. "आणि पन्नास नये पैसे."

नये पैसे तेव्हा नवेच आले होते. त्यावरच आधी कुणीतरी हसलं. मग सगळं दुकान हसलं, कारण धनी हसले की हसायचं असतं. मीही हसले. तोंडाला सवय होती.

"काजं करणारीच्या घरी एकशे बेचाळीस," धनी म्हणाले. "बाळ, मी एवढा दानशूर आहे हे मलाच ठाऊक नव्हतं."

आणि त्यांनी कुंकवाचा अंगठा बरोबर त्या आकड्यावर टेकवला. दाबला. फिरवला.

"हत्यार म्हणून ठेवलंस ना? मग कुंकू लागलंच पाहिजे."

तुम्ही म्हणाल, बाई, पासबुक ही काय पूजेत ठेवायची वस्तू आहे? ऐका तर.

आमचं दुकान नगरथपेटेतल्या एका बोळात. गणवेश शिवायचं. शाळेतल्या पोरांचे, चपराशांचे, बँडवाल्यांचे. पुरुष पुढे मशीनवर, आम्ही सात बायका मागच्या अंधाऱ्या खोलीत काज-बटणाला. मजुरी डझनावर. धन्यांना नाव होतं, पण ते घ्यायची पद्धत नव्हती. ते आमच्यातलेच. तीनशे वर्षं बंगळुरात काढलेली मराठी घरं आमची, चुलीपाशी मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. धनी दोन्ही भाषांत धनीच. कधी ओरडत नसत. सगळ्यांना बाळ म्हणत. साठीच्या माणसालाही बाळ. आवाज मऊ, तुपात भिजवल्यासारखा. तो आवाज मागच्या खोलीच्या दारात आला की माझी सुई दुप्पट वेगाने चालायची. का ते कळायचं नाही.

आणि एक डबा होता. पितळेचा, झाकणावर लक्ष्मी. शनिवारी मजुरी द्यायच्या वेळी धनी तिचा चौथा हिस्सा आपल्या हाताने बाजूला काढत आणि त्या डब्यात टाकत. "तुझ्या म्हातारपणाला," म्हणत. मराठ्यांनी एके काळी परमुलखातून चौथाई वसूल केली म्हणतात. आमच्या धन्यांनी ती घरातच सुरू केली. त्या डब्यात कुणाचं किती हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. विचारायचंही नव्हतं. विचारणं म्हणजे बापाला विचारणं, की तू माझा बापच ना?

माझी आई ह्याच खोलीत सव्वीस वर्षं काजं करून गेली. शेवटची दोन वर्षं तिला सुईचं भोक दिसत नव्हतं, मी ओवून द्यायची. ती गेली तेव्हा धन्यांनी तिच्या अंगावर घालायला नवी साडी पाठवली. गल्लीत केवढं नाव झालं. तेरावा उरकल्यावर मी भीत भीत विचारलं, आईचं डब्यातलं? धन्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"आईचं आणि माझं आम्ही बघून घेतलं, बाळ."

मेलेल्या बाईने केव्हा बघून घेतलं? हे विचारायला माझी जीभ उचलली नाही. पण पुढच्या सोमवारी दुपारच्या सुट्टीत मी पोस्टात गेले आणि खातं उघडलं.

मग साडेचार वर्षं चोरी केली. स्वतःचेच पैसे चोरले. चौथाई गेल्यावर हातात येई त्यातून एक रुपया, कधी आठ आणे, कुठल्या आठवड्यात काहीच नाही. कॉफी सोडली. बंगळुरात राहून कॉफी सोडणं म्हणजे संन्यासच घेणं, पण मी घेतला. मजुरी शनिवारी संध्याकाळी, पोस्ट उघडणार सोमवारी. मधले दोन दिवस रुपया नाचणीच्या पिठात पुरलेला. लग्न झालं नव्हतं, आता होणार नव्हतं. म्हातारपणी मला सुई ओवून द्यायला कुणी नव्हतं. म्हणून तो रुपया. शारदक्कालाही सांगितलं नाही. शारदक्का म्हणजे दुकानात माझ्या शेजारी बसून बटणं लावणारी आणि घरीही भिंतीला भिंत लागून राहणारी. माझं पोट दुखलं तर ओवा घेऊन आधी तीच यायची.

आता पूजेचं. आयुधपूजेला ज्याने त्याने आपलं हत्यार ठेवायचं. माझी सुई धन्यांची. बोटात घालायचं टोपण धन्यांचं. दोरा, कात्री, बुडाखालचं पोतंसुद्धा धन्यांचं. संध्याकाळी मोजून परत करायचं. दरवर्षी मी त्यांच्याच वस्तूंना नमस्कार करायची. त्या वर्षी वाटलं, ह्यात आपलं काय आहे? डोळे गेल्यावर माझं पोट कशाने भरणार? तेच माझं हत्यार. केवढी हुशारी! पासबुक पिवळ्या फडक्यात गुंडाळलं आणि सुयांच्या पुडीखाली सरकवलं. देवीला फडक्यातूनही दिसतं. धनी एकेका वस्तूला कुंकू लावत येतात, हे विसरले.

"झाकलेल्या हत्याराला कुंकू लागत नाही, बाळ," असं म्हणत त्यांनी गाठ सोडली होती.

हसणं ओसरल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं, कपाळाला लावलं आणि मला परत दिलं. परत दिलं, हे लक्षात घ्या. हिसकावून घेणाऱ्यांतले ते नव्हते. मग सगळ्यांकडे वळून त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. डब्यात टाकूनही जिच्याकडे शिल्लक उरते, तिला मजुरी जास्त होते. एकीला जास्त होते तर सातही जणींना होते. तेव्हा डझनामागे पाच पैसे कमी. पण ऐन सणात कुणाच्या पोटावर मारायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. म्हणून एक सवलत. दसऱ्यानंतरच्या सोमवारी मी पोस्टातलं खातं बंद करावं, सगळे पैसे आणून डब्यात टाकावेत. टाकले, तर मजुरी आहे तीच राहील.

एवढं बोलून ते उंबऱ्याशी गेले आणि त्यांनी कोहळा आपटला. लाल चिखल माझ्या पावलांवर उडाला. एरवी त्यातली नाणी उचलायला झुंबड व्हायची. त्या दिवशी कुणी वाकलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते.

प्रसादाची कडलेपुरी वाटली गेली. चुरमुरे आणि डाळं. शारदक्काने माझ्या ओंजळीत मूठभर टाकली. "पुस्तकवाल्या बाईंना चुरमुरे चालतात ना?" म्हणाली आणि पुढे गेली.

संध्याकाळी मात्र घरी आली. पाटावर बसली नाही, दारात उभी राहिली. तिला तीन पोरं, नवरा छातीने आजारी. पाच पैशांचे महिन्याला किती होतात ते तिने बोटांवर मोजून दाखवलं. मी तिच्यापासून लपवलं, ह्याचा राग वेगळा. तो तिने बोलून दाखवला नाही.

"तुझ्या एका पुस्तकापायी माझी चूल विझवू नकोस गं. पैसे जाणार कुठे? पोस्टातून डब्यात. एवढंच ना?"

मी म्हटलं, "सरी अक्का." कबूल. हो म्हटलं मी. इथे शूरपणाचा आव आणणार नाही.

आता यल्लोजीअण्णा. आमचे कटर. एकतीस वर्षं धन्यांचं कापड कापलं त्यांनी. नजर अशी, की गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत छातीचं माप त्यांच्या डोक्यात. पण वर्षभर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. खडूची रेघ दिसत नव्हती. बोटांनी चाचपून कापत, आणि धन्यांच्या नजरेला पडायच्या आत आम्ही बायका वाकडी कापलेली कड नीट करून ठेवायचो. त्यांचं एक वेड होतं. सैट. घर बांधायच्या जागेला बंगळुरात सगळे सैटच म्हणतात. राजाजीनगरात तेव्हा नव्या सैटी पाडत होते, दगड रोवून. अण्णा रविवारी चालत जायचे आणि त्यातल्या एका दगडावर बसून यायचे. सोमवारी आम्हाला सांगायचे, कालच्या दगडापाशी चूल, पलीकडे विहीर, आणि तुम्ही सगळ्या याल तेव्हा बसायला ओटा. डब्यातले पैसे घेतले की झालं.

पूजेच्या दिवशी, सगळे कडलेपुरी खात होते तेव्हा अण्णा माझ्याजवळ येऊन उभे राहिले. हळूच म्हणाले, "तुझा आकडा तुला कसा गं ठाऊक?"

"लिहिलेलाय ना, अण्णा."

 त्यांच्या हातातले चुरमुरे खाली गळत होते. मग म्हणाले, "माझा किती असेल?"

तेव्हाच त्यांचा हात धरून, त्यांना बाहेर नेऊन आईच्या पैशांचं काय झालं ते सांगायला हवं होतं. मी नेलं नाही.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. नवमीला पूजेत मांडलेलं हत्यार वापरायचं नसतं. दशमीला पुन्हा नमस्कार करून उचलायचं आणि कामाचा एक टाका घालायचा. सगळ्यांनी आपापलं उचललं. अण्णांनी कात्री उचलली नाही. ते धन्यांपुढे गेले, हात जोडले आणि म्हणाले, डोळे गेले धनी, आता थांबतो, माझं डब्यातलं द्या.

सगळ्यांचा कामाचा टाका अर्धाच राहिला.

धनी रागावले नाहीत. ते हसले. उठले आणि त्यांनी अण्णांना मिठी मारली. त्यांचे डोळे भरून आलेले मी बघितले, खोटं सांगत नाही. ते म्हणाले, रोख पैसे घेऊन काय करशील, बाळ? पोरं नेतील, चोर नेतील. तुझ्या घामाचा पैसा मी डब्यात कुजत ठेवला नाही, दुकानात घातला. आज तुला तुझी लक्ष्मीच देतो. आणि अण्णांचा हात धरून त्यांना चार नंबरच्या मशीनपाशी नेलं. तिच्या गळ्यातली माळ काढून अण्णांच्या गळ्यात घातली.

"हे तुझं."

चार नंबर. तिचा पट्टा दोन दिवसांआड तुटायचा. तिच्यावर कुणी बसायला तयार नसायचं.

एकतीस वर्षांची चौथाई. आणि आंधळ्या होत चाललेल्या माणसाला शिलाई मशीन.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हे मुद्दाम लिहून ठेवते. अण्णा वाकून मशीन चाचपत होते. चाक, पाटा, मग सुई. सुई बोटात गेली. त्यांनी बोट तोंडात घातलं आणि टाळ्या थांबेपर्यंत तसेच उभे राहिले. त्या क्षणी मला आईचा हिशेब कळला. तिची चौथाई दुकानातल्या कुठल्यातरी चाकात, कुठल्यातरी पट्ट्यात फिरत होती. माझीही फिरणार होती.

हातगाडीवर मशीन चढवताना अण्णांनी मला विचारलं, "हे त्या दगडावर ठेवायचं का?" फक्त मलाच विचारलं. मी मशीनभोवतीच्या दोरीची गाठ आवळली.

सोमवार आला.

मी पोस्टात गेले ती पैसे काढायलाच. शारदक्काला शब्द दिला होता. फॉर्म भरला, सही केली, रांगेत उभी राहिले. खिडकीतले कारकून म्हणजे एक खडूस गृहस्थ. साडेचार वर्षांत त्यांनी माझ्या तोंडाकडे कधी बघितलं नव्हतं. पुस्तक उघडलं आणि ते दचकले. पान लाल. वाळून काळपट झालेलं.

"काय हे अम्मा? रक्त?"

कुंकू, म्हटलं. पूजेत ठेवलं होतं. आकडा गेलाय, आता माझे किती हे तुम्हाला कसं कळणार? मला खरंच वाटत होतं, की धन्यांनी आकडा पुसला म्हणजे पैसेही पुसले गेले. आमच्याकडे तसंच होतं.

ते वैतागले. "स्वल्प थांबा," म्हणाले आणि मागच्या टेबलावरची जाडजूड वही उचलून आणली. पानं उलटली. बोट ठेवलं. तिथे माझं नाव होतं. एकशे बेचाळीस रुपये पन्नास नये पैसे. स्वच्छ निळ्या शाईत.

"पुस्तक जळलं तरी हे जळत नाही," ते म्हणाले. "आता लवकर सांगा. काढायचे का ठेवायचे? मागे माणसं आहेत."

बघा गंमत. त्यांनी मला बाळ म्हटलं नाही. डोक्यावर हात ठेवला नाही. त्यांना माझ्या आईचं नाव ठाऊक नव्हतं, माझं पोट दुखतं का ठाऊक नव्हतं. वैतागलेला एक परका माणूस, त्याने माझा आकडा माझ्या पाठीमागेही सांभाळला होता.

मी फॉर्म परत मागितला. फाडला. पासबुकाला लागलेल्या कुंकवाचा लाल भुगा बोटांना लागला होता, तो पदराला पुसला आणि दुकानात गेले.

धनी डबा पुढे घेऊनच बसले होते. झाकण उघडं. मागच्या खोलीतून सहा बायका दाराशी येऊन उभ्या. शारदक्का सगळ्यात पुढे.

"आणलेस, बाळ?"

मी म्हटलं, "आणते. आत्ता जाऊन आणते. तुम्ही मला एक पुस्तक करून द्या. माझं नाव, माझा आकडा, खाली तुमची सही. आईचाही आकडा त्यात लिहा."

माझा आवाज कापत होता. कापला तर कापला.

धनी हसले. पण ह्या वेळी दुकान हसलं नाही, आणि ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांचा आवाज आणखी मऊ झाला. 

"माझा शब्द पुरत नाही तुला? तू एवढीशी होतीस तेव्हापासून ओळखतो तुला मी."

"तेच म्हणतेय, धनी. पोस्टातला माणूस मला ओळखतही नाही. तरी तो लिहून देतो. तुम्ही एवढं ओळखता, मग तुम्हाला का लिहवत नाही?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. सावकाश. मग म्हणाले, "सुई आणि टोपण ठेवून जा."

मी ठेवलं. त्यांनी मोजून घेतलं. एक सुई, एक टोपण. दारातून बाहेर पडताना शारदक्का माझ्या कानाशी म्हणाली, "झालं समाधान?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते माझ्यासाठी नव्हतं.

त्या शनिवारी डझनामागे पाच पैसे कमी झाले. पुढल्या दसऱ्याच्या आत आणखी पाच झाले. तेव्हा मी त्या दुकानात नव्हते, माझं पुस्तकही नव्हतं. तरी झाले. पण त्या सहा जणींच्या चुलींचा शाप मलाच लागला. नळावर माझी घागर लावायला कुणी जागा देईना. तीन महिने मी मिळेल ते शिवलं, उश्यांचे अभ्रे, गाद्यांच्या खोळी, आणि एक वेळ जेवले. पासबुकाला हात लावला नाही. भूक लागली की उघडून ते लाल पान बघायची. बघून भूक जात नाही. पण मान खाली जात नाही.

अण्णा पुढचा दसरा बघू शकले नाहीत. चार नंबरची मशीन भंगारवाल्याला विकली, त्यात त्यांच्या शेवटच्या वाटेचा बांबू आणि कापड आलं. धन्यांनी शाल पाठवली. गल्लीत नाव झालं.

त्याच वर्षी एका सोमवारी पोस्टातल्या रांगेत सहज मागे वळून बघितलं. माझ्यामागे तिसरी शारदक्का. पदराच्या टोकाला गाठ, गाठ मुठीत घट्ट. मी बघितलं तशी तिने तोंड फिरवलं. आजही ती माझ्याशी बोलत नाही. पण सोमवार चुकवत नाही.

त्या तीन महिन्यांनंतर मी एका कारखान्याच्या शिलाई खात्यात लागले, अजून तिथेच आहे. माझ्या पगारातून फंडासाठी जे कापतात त्याची चिठ्ठी वर्षाच्या शेवटी हातात येते. लोकांना ती रद्दी वाटते, मी ओळ न् ओळ वाचते. चुकलं असेल तर खिडकीपाशी जाऊन उभी राहते. तिथले लोक मला बघून कपाळाला हात लावतात. लावू देत. नव्या मुली कामावर आल्या की मी त्यांना धन्यांची नक्कल करून दाखवते. तो पेटा, ते थांबणं, तो अंगठा. मुली पोट धरून हसतात. हसून झाल्यावर मी त्यांना विचारते, तुझा आकडा सांग. सांगता आला नाही, तर तिला दुसऱ्या दिवशी पोस्टात घेऊन जाते. कुणी गोड आवाजात म्हणालं, की तुझं माझ्याकडेच असू दे, तर आधी लिहून माग. बाप असला तरी माग. देव असला तरी.

दरवर्षी कारखान्यात आयुधपूजा होते. मी कात्री ठेवते, टेप ठेवते, कडलेपुरी दोन मुठी खाते. पासबुक ठेवत नाही. पूजेत ठेवलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचं नसतं. हे मी एक दिवससुद्धा हातातून खाली ठेवणार नाही.